केल्डाल ३.६५, फॉर्मॉल ३.३०: दूध एकच, प्रोटीनचे आकडे तीन

प्रश्न (करवीर_लॅब): कोल्हापूर परिसरातलं गाय-म्हैस मिक्स दूध आहे. एकाच नमुन्याचं प्रोटीन अल्ट्रासोनिक ॲनालायझरवर ३.४५, फॉर्मॉलने (फॉर्मॅलिन घालून कॉस्टिक सोड्याने टायट्रेशन; लागलेले मिली × फॅक्टर १.७) ३.३० आणि केल्डालने (ॲसिडमध्ये उकळून नायट्रोजन मोजायची पद्धत) ३.६५ टक्के. दोनदा करूनही तेच. कोणता आकडा धरायचा?

गाळणकागद: केल्डालचा धरा, पण तो एकूण नायट्रोजन × ६.३८ आहे हे विसरू नका. गाईच्या दुधातला साधारण ५-६ टक्के नायट्रोजन प्रोटीनचा नसतोच; त्यात मोठा वाटा युरियाचा. म्हणजे तुमच्या ३.६५ मधले ०.२ तिथलेच. खरं प्रोटीन हवं तर ५ मिली दूध, ५ मिली पाणी, ४० मिली १५ टक्के टीसीए (ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड, प्रोटीन खाली बसवतं). साका बसला की गाळा, गाळलेल्या पाण्यातला नायट्रोजन काढून वजा करा.

आधी रिकव्हरी तपासा, म्हणजे माहीत असलेल्या नायट्रोजनपैकी किती परत मिळतो ते. अमोनियम सल्फेट ९९ टक्क्यांच्या खाली आलं तर डिस्टिलेशनमध्ये गळती आहे: रबरी बूच बघा, कंडेन्सरची नळी बोरिक ॲसिडमध्ये बुडलेली आहे का बघा. डायजेशन (ॲसिडमध्ये उकळणं) नितळ झालं म्हणून लगेच बर्नर बंद करू नका, पुढे तासभर तरी उकळू द्या. थंड झाल्यावर फ्लास्कमध्ये खडे धरले तर ॲसिड कमी पडलंय, तिथे नायट्रोजन जातो.

फिनॉल्फ_थेंब: फॉर्मॉलमध्ये १० मिली दुधाला ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचं द्रावण जेमतेम १.९४ मिली लागलं असेल. ब्युरेटचा एक थेंब ०.०५ मिली, म्हणजे थेट ०.०८ टक्के प्रोटीन! ०.०२ च्या खुणांची ब्युरेट घ्या. पोटॅशियम ऑक्झलेट ०.४ मिली घालून दोन मिनिटं थांबा, नाहीतर कॅल्शियममुळे फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग टिकत नाही. फॉर्मॅलिन आधी गुलाबी होईपर्यंत न्यूट्रल करा, त्यात फॉर्मिक ॲसिड असतं. नमुना टिकवायला फॉर्मॅलिन घातलं असेल तर ही पद्धत सोडाच, आकडा कमीच येणार. आणि १.७ हा फॅक्टर मिक्स दुधाला डोळे झाकून लावू नये. दहा-पंधरा नमुने केल्डालशी जुळवून स्वतःचा काढा.

करवीर_लॅब: मग ॲनालायझर?

गाळणकागद: तो प्रोटीन मोजतच नाही. दुधातून जाणाऱ्या ध्वनीवरून एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) काढतो आणि त्यातून प्रोटीनचा हिशेब लावतो. मीठ-साखर घातलेल्या दुधालाही प्रोटीन दाखवेल. इन्फ्रारेड यंत्र प्रोटीनचाच पट्टा वाचतं, पण त्यालाही कॅलिब्रेशन केल्डालचंच.

युरियाची भेसळ मात्र केल्डाललाही फसवते: १०० किलो दुधात १०० ग्रॅम युरिया म्हणजे ०.३ टक्के खोटं प्रोटीन. केल्डाल अचानक वर आणि फॉर्मॉल जागच्या जागी, असं दिसलं की आधी डीएमएबी चाचणी (युरिया असेल तर पिवळा रंग देणारी) लावा. सोबत खात्रीच्या दुधाचा नमुना ठेवा, कारण फिकट पिवळा रंग शुद्ध दुधालाही येतो.