नातवंडांचं वर्ष, आपलं वर्ष : अनुभव धागा

वर्ष सरत आलं की आम्हा निवृत्त मंडळींच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो: यंदा नातवंडं किती वाट्याला आली? कुणाकडे ती रोजचीच असतात, कुणाकडे मे महिन्यात आणि गणपतीत, कुणाकडे फक्त फोनवर. आणि ती कधी येणार, किती राहणार हे आपल्या हातात कुठे असतं? ते ठरतं मुलाबाळांच्या रजेवर, शाळेच्या सुट्टीवर, व्हिसावर, रेल्वेच्या आरक्षणावर. म्हणून २०२५ चं वर्ष सांगताना घरातल्या कामाधंद्याबद्दलही लिहा. सगळे सण नकोत. एखादा दिवस, एखादं काम नीट सांगा. नावं टाळा, गाव लिहा. आजी-आजोबांनीच लिहावं असंही नाही. सुरुवात मी करते.

डोंबिवली

लेकीची बाळंतपणाची रजा फेब्रुवारीत संपली. २०१७ च्या कायद्यातल्या दुरुस्तीमुळे ही रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ती माझ्या लेकीला मिळाली, याचं मला फार समाधान आहे. माझ्या वेळी तान्ह्या बाळाला शेजारच्या काकूंच्या हवाली करून लोकल गाठावी लागायची. जिथे ५० किंवा जास्त माणसं काम करतात तिथे पाळणाघराची सोय हवी, असंही त्याच दुरुस्तीत आलं. लेकीच्या ऑफिसात ती आहेसुद्धा. पण सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून सहा महिन्यांचं लेकरू कडेवर घेऊन गाडीत चढणार कसं? तेव्हा पाळणाघर म्हणजे मी आणि हे.

ती निघण्याआधी दूध काढून, बाटलीवर वेळ लिहून फ्रीजमध्ये ठेवते. मी पातेल्यातल्या कोमट पाण्यात बाटली उभी करते, हलक्या हातानं फिरवते आणि मनगटावर थेंब टाकून बघते. उष्टावण झालं आणि दुपारचं जेवण माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षाचा होईपर्यंत मीठ नको, साखर नको, आणि मध तर मुळीच नको. आमच्याकडे जन्मल्या जन्मल्या मधाचं बोट चाटवायची रीत. पण लेकीनं एकदा शांतपणे सगळं समजावलं आणि मलाही ते पटलं. गुरगुट्या भात, त्यावर मुगाचं पातळ वरण आणि तूप. नातू मिटक्या मारत खातो. नाचणीचं सत्त्व मात्र घरीच करायचं, हा माझा आग्रह. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. वेळ जातो खरा, पण मला ते काम मनापासून आवडतं.

२६ मे विसरता येणार नाही. पाऊस मुंबईत इतका लवकर कधीच आला नव्हता म्हणे, आणि लोकलचं पार वेळापत्रक कोसळलं. लेकीला घरी यायला रात्र झाली. नातू काही केल्या झोपेना. शेवटी ह्यांनी दोरीवरची लेकीची न धुतलेली ओढणी आणून त्याच्या गालाशी ठेवली. तिचं टोक मुठीत धरून तो झोपला.

पुणे, आणि थोडे डॅलस

अमेरिकेत देशपातळीवर पगारी बाळंतपणाची रजा नाही. संघराज्याच्या कायद्याने मिळतात ते १२ आठवडे, तेही बिनपगारी आणि काही अटी पूर्ण केल्या तरच. टेक्ससमध्ये सुनेला तेवढ्यावरच भागवायचे होते. म्हणून आपल्याकडच्या घरांमध्ये जी पद्धत पडली आहे तीच आम्ही पाळली: आधी मुलीचे आईवडील, त्यांचे सहा महिने संपत आले की मुलाचे. व्हिजिटर व्हिसावर साधारण तेवढेच राहता येते. व्याही-विहीणबाई आणि आम्ही मध्ये काही दिवस एकाच घरात होतो, तेव्हा घराचा ताबा अक्षरशः हातोहात दिला गेला. डिंकाच्या लाडवांचा डबा कुठे, बाळ कोणत्या कुशीवर झोपते, मोठीला डब्यात काय आवडते, हे सगळे विहीणबाईंनी वहीत लिहून ठेवले होते. इतक्या प्रेमाने लिहिलेली वही मी क्वचितच पाहिली असेल.

माझ्याकडे मोठी नात. ऑगस्टमध्ये तिकडे ऊन असे की आम्ही उजाडताच फिरून यायचो. मग तिचा डबा, मग शाळा. आता परत आलो आहोत. रोज ती शाळेत निघण्याआधी फोन असतो. सुरुवातीला आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असत. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे मागे गेली आणि तीच वेळ आपल्या सातवर आली. त्यामुळे आमच्याकडे कुकर आता साडेसातनंतर लागतो.

पाटोदा तालुका, बीड

मी सांगते, नात लिहिती. नववीला हाय ती.

दिवाळी झाली की आमचं गाव निम्मं रिकामं होतंय. लेक अन् सून ऊसतोडीला जातेत, औंदा कोल्हापूरकडं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतेत. मुकादमाकडून उचल, म्हंजी आगाऊ पैसं, आधीच घेतलेली असती, ती फिटंस्तवर तोडायचं. औंदा सप्टेंबरात पावसानं कहर केला. सोयाबीन उभं कुजलं, कपाशी पिवळी पडली, बांध वाहून गेले. म्हणून उचल बी जास्तीची घ्यावी लागली.

मागं कोण? म्हातारी माणसं अन् लेकरं. मी स्वतः कोयता धरलेली बाई हाय. माझा लेक फडात पाचटावर निजूनच मोठा झाला, शाळा अर्धी राहिली त्याची. म्हणून सुनेला म्हणलं, तिन्ही लेकरं माझ्यापाशी ठेव, एक बी तिकडल्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, न्यायचं नाही. ज्यांच्या घरी कुणीच नाही त्यांच्यासाठी शाळेत हंगामी वसतिगृह असतंय, तिथं जेवायला मिळतंय. चांगलं हाय ते. पण माझे हातपाय चालतेत तवर लेकरं माझ्याच चुलीवरचं खातेल.

पहाटं भाकरी थापते. मोठीच्या दोन वेण्या, बारकीला आंघोळ, मधल्याला उठवायचं हे सगळ्यात अवघड काम. शाळंत सोडून आले की शेरडं घेऊन रानात. दुपारी बारकी माझ्यासंगं. तिला मोळीची गाठ कशी मारतेत ते दाखवत नाही मी. वाती वळायला शिकवलं.

सून फोन करती रात्री, गाडी भरायच्या आधी. कधी मध्यरात्री बी भरावी लागती. एकेका लेकराला इचारती, जेवला का, अभ्यास केला का. मला इचारती, आत्याबाई, गुडघा कसा हाय. पट्टा पडला, म्हंजी कारखान्याचा हंगाम सरला, की पाडव्याच्या आगंमागं येतेत. तवर घर माझ्या अंगावर, अन् मला त्याचं ओझं वाटत नाही.

(हे माझं. आजी सांगणार नाही. रेंज फक्त अंगणातल्या लिंबाखाली येते, म्हणून ती थंडीत तिथंच घोंगडी घेऊन बसते. मला पोलीस भरती द्यायची आहे. आजी म्हणते, दे.)

कुडाळजवळ, सिंधुदुर्ग

आमचे गणपती जूनमध्येच सुरू होतात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते. यंदा गणपती २७ ऑगस्टला, म्हणजे जूनच्या शेवटी सकाळी आठच्या ठोक्याला मुंबईत दोन्ही मुलगे आणि जावई फोन घेऊन बसलेले. तिकीट मिळाल्याचा फोन आला आणि हिनं लगेच तांदूळ निवडायला घेतले. यंदा कोलाडहून मोटारी वाहून नेणारी रो-रो गाडीही कोकण रेल्वेनं सोडली, पण आमच्या पोरांना खिडकीशी बसून येण्यातच मजा.

माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची रानफळा-पानांची लाकडी चौकट, बांधायचा मान यंदा नातवंडांना दिला. आदल्या दिवशी सगळी माझ्यासोबत रानात. कवंडळं, हरणं, सुपारीची शिपटं, आंब्याचे टाळे. कांदिवलीच्या नातवानं कवंडळ हातात घेऊन विचारलं, हे खायचं असतं का? म्हटलं, खाऊन बघू नको, कडूजहर असता! बोटांनी सुंभ ओढून गाठ मारायला त्याला जड गेलं, पण सोडलं नाही त्यानं. रात्री भजनाला डबलबारीसारखा, दोन बुवांचा सामना असावा तसा, जोर लावला पोरांनी, झांज फुटायची बाकी. गौरी-गणपती गेले आणि त्याच रात्रीच्या गाडीनं सगळी परत. रजा तेवढीच मिळते. मुलांना मी कधी बोल लावत नाही. रेल्वे आली नव्हती तेव्हा मीही मुंबईहून एसटीनं रात्र काढून असाच यायचो आणि असाच जायचो.

नागपूर

मी आजी नाही, सून आहे. सरकारी रुग्णालयात परिचारिका. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा सुरू होतात, यंदा २३ जूनला. माझी सुट्टी काही तेवढी लांबत नाही, म्हणून तेवढे दिवस मुलगा वर्ध्याला आजीकडे. नरक चतुर्दशीला माझी सकाळची ड्युटी लागली. सासूबाईंनी आदल्या रात्री उटणं भिजवून ठेवलं आणि पहाटे सगळ्यात आधी मला पाटावर बसवलं. मुलगा डोळे चोळत उठला आणि त्यानंच मला ओवाळलं. साडेसहाला मी वॉर्डात होते. आमच्याकडे सण असाच होतो, आणि तो सासूबाईंमुळे होतो हे मला इथे लिहायचंच होतं.

सातारा

लिहू की नको असं झालं होतं. मुलाचा घटस्फोट झाला. नात आईकडे असते, दुसऱ्या शहरात. ठरल्याप्रमाणे महिन्यातून एका शनिवारी भेट. नातीच्या आईबद्दल मला एक शब्दही वाईट बोलायचा नाही, तिनं नातीला आमच्यापासून कधी तोडलं नाही. दिवाळीच्या फराळाचा डबा दिला तर रिकामा परत आला नाही, त्यात तिच्या हातच्या करंज्या होत्या. नात आता दुसरीत आहे. मला पत्र लिहिते, मी उत्तर देते, पोस्टानं. पोस्टमन दार वाजवतो तेव्हा ह्यांच्या आधी मी पोचते.

सांगोला, सोलापूर

प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त. यंदा पंच्याहत्तरी पूर्ण झाली, म्हणजे एसटी मोफत. ही सवलत ऑगस्ट २०२२ पासून आहे. सौभाग्यवतींना अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना आहे तसं. नातू आठ वर्षांचा, त्यालाही अर्धं. नातवाला घेऊन फिरायची आयुष्यभराची हौस आता फिटते आहे. मुलगा-सून दोघं पुण्यात नोकरीला, म्हणून शाळेला सुट्टी लागली की नातू आमचा.

मे महिन्यात अवकाळीनं झोडपलं तरी आम्ही निघालोच. सांगोला ते पंढरपूर, मग तुळजापूर, मग अक्कलकोट. नातवाला काम दिलं होतं: प्रत्येक स्थानकावर गाडीची पाटी वाचायची आणि ती कोणत्या आगाराची हे वहीत लिहायचं. इंग्रजी शाळेत जातो, मराठी अडखळत वाचायचा. तुळजापूरच्या स्थानकात एका आजोबांना चष्म्याशिवाय पाटी दिसेना, तर ह्यानं त्यांना "लातूर, व्हाया औसा" अशी खणखणीत वाचून दाखवली आणि हात धरून गाडीपर्यंत नेलं. वाहकानं त्याला पुढच्या बाकावर बसवून घेतलं होतं, त्याहून मोठा मान त्याला कुठलाच वाटला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वणी आणि त्र्यंबकेश्वर करायचं आहे. सांगोल्याहून नाशिकला लहान मुलाला घेऊन मुक्काम कुठे तोडावा, नगर की शिर्डी? कुणी एसटीनं गेलं असेल तर जरूर लिहा. आगारांची वही भरायला अजून पुष्कळ पानं आहेत.