मदत हवी आहे: दिवाळी सेलच्या बोर्डावरून रोज शिव्या खातोय

मी पुण्यात एका कपड्यांच्या शोरूममध्ये सेल्समन आहे. बाहेर भलामोठा बोर्ड: ‘७०% सूट’. त्यातलं ‘पर्यंत’ मुंगीएवढं. ७०% फक्त मागच्या वर्षीच्या एका रॅकवर, तेही एक्सएस साइजचे शर्ट! काल एका काकूंनी बिलिंगला सगळ्यांसमोर मला चोर म्हटलं. काय बोलणार? त्यांचं चुकलं नव्हतंच.

वर आता ९९९ च्या टॅगवर १,९९९ चं स्टिकर लावायला सांगतायत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. पण स्टिकर लावणारा हात माझा, मग मीही अडकेन का? नाव न कळता १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) तक्रार करता येते का? कुणी केलीय? नोकरी सोडणं सध्या परवडणारं नाही.