मदत हवी आहे: हेंड्रिक कोलाइन यांच्या लष्करी कारकिर्दीच्या नोंदी

नेदरलँड्सचे पंतप्रधान हेंड्रिक कोलाइन (१८६९–१९४४) यांच्यावर मराठीत टिपण तयार करतोय. राजकीय भाग जुळलाय: १९०९ मध्ये खासदार, १९११ ते १३ युद्धमंत्री, मग तेल कंपनीत संचालक, १९२३ मध्ये अर्थमंत्री, १९२५-२६ आणि पुन्हा १९३३ ते ३९ पंतप्रधान. (मंत्रिमंडळं पाच, पण पंतप्रधानपदाचे कालखंड दोनच. इथे बरेच जण गोंधळतात. पाचवं तर १९३९ च्या जुलैत काही दिवसांतच कोसळलं.)

अडलंय ते लष्करी भागात. ते मायदेशातल्या डच सैन्यात नव्हे, तर ईस्ट इंडीजच्या (आजचा इंडोनेशिया) वसाहती सैन्यात होते. या सैन्याची बढती-यादी वेगळी, त्यामुळे डच सैन्याच्या याद्या चाळून उपयोग नाही. १८९४ ची लोंबोक बेटावरची मोहीम, नंतर सुमात्रातलं आचे, तिथले डच सेनानी व्हान ह्यूट्स यांच्या हाताखालचं काम एवढं पक्कं आहे. लेफ्टनंट ते कॅप्टन या बढत्यांच्या तारखा मात्र हव्यात.

१. हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली अधिकाऱ्यांची सेवापुस्तकं कुणी पाहिलीत का? स्कॅन ऑनलाइन मिळतात की प्रत मागवावी लागते?

२. लोंबोकहून पत्नीला लिहिलेल्या पत्रात, दयेची याचना करणाऱ्या बायकामुलांना ठार करायला लावल्याचा उल्लेख आहे. लोक त्यातल्या दोनच ओळी देतात. पूर्ण डच मजकूर कुठे छापलाय? तो न पाहता हा भाग लिहिणं मला पटत नाही.

डच वाचता येतं, दुवा चालेल.