वकिलाविरुद्धची तक्रार: इंदूरहून कोठे करावी, आणि तिच्यातून काय हाती लागते?

रामबागवासी:

नमस्कार. रामबागेतील आमच्या वडिलोपार्जित घराच्या वाटणीचा दावा गेल्या वर्षी आईच्या विरुद्ध निकाली निघाला. अपिलासाठी आम्ही वकीलसाहेबांना ४०,००० रुपये दिले, त्यातले २५,००० खात्यातून आणि उरलेले रोख. पाच महिने ‘पुढच्या पेशीला पाहू’ हेच ऐकत राहिलो. शेवटी न्यायालयाच्या संकेतस्थळावर मी स्वतःच आईचे नाव शोधले, तेव्हा अपील दाखलच झालेले नाही असे आढळले. फाइल मागायला गेलो, तर मुंशीजींनी ती कपाटातून काढून दाखवली, पण हातात दिली नाही. दावा चालला त्या काळातली १५,००० रुपये फी बाकी आहे, ती आधी भरा, असे सांगितले. निकालाची प्रमाणित नक्कल आणि आजोबांचे मृत्युपत्र त्याच फाइलमध्ये आहे. बार असोसिएशनमधील एका परिचिताने ‘इथेच अर्ज द्या, आपसांत मिटवून देऊ’ असे सुचवले. तक्रार तिथेच करायची असते का? ती मराठीत लिहिलेली चालते का? आणि आमचे पैसे परत मिळतील का? आईचे वय ७४ आहे, त्यामुळे तिला फार फिरवणे शक्य नाही.

निवृत्त वकील, लोकमान्य नगर:

प्रथम एक घोटाळा दूर करतो, कारण निम्मे लोक तिथेच अडकतात. बार असोसिएशन ही न्यायालयाच्या आवारातील वकिलांची संघटना आहे; ती समेट घडवू शकते, परंतु कोणाची सनद (वकिलीचा परवाना) रोखण्याचा अधिकार तिला नाही. तो अधिकार १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे राज्याच्या बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांची नोंदणी व शिस्त पाहणाऱ्या मंडळाचा, असून मध्य प्रदेशची कौन्सिल जबलपूरला आहे. आपल्या वकीलपत्रावर वकिलांच्या सहीखाली नोंदणी क्रमांकाचा शिक्का असतो, तो आधी पाहावा. नोंदणी दुसऱ्या राज्याची असेल तर तक्रारही त्याच राज्याच्या कौन्सिलकडे करावी लागते.

तक्रार साध्या पत्राने होत नाही. दिवाणी दाव्याच्या अर्जाप्रमाणे ती सही व सत्यापनासह (मजकूर खरा असल्याच्या पुष्टीसह) द्यावी लागते. भाषा इंग्रजी, हिंदी किंवा त्या राज्याची राजभाषा चालते. म्हणजे आपल्या बाबतीत, दुर्दैवाने, मराठी नाही. हिंदीतच लिहा आणि तारखांच्या क्रमाने लिहा: पैसे कधी दिले, कधी विचारले, काय उत्तर मिळाले. वकीलसाहेबांच्या स्वभावावर एकही वाक्य नको.

कौन्सिलला प्रथमदर्शनी तथ्य वाटले तर ती प्रकरण आपल्या तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे सोपवते. समिती दोघांनाही नोटीस देते, साक्षी घेते आणि साक्षीदार बोलावण्यासारख्या बाबींत तिला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. शेवटी तक्रार फेटाळणे, ताकीद देणे, ठरावीक मुदतीसाठी वकिली स्थगित करणे किंवा नाव नोंदवहीतून कायमचे काढणे, यांपैकी एक आदेश होतो. त्यावर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिथून पुन्हा ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते.

आता फाइलविषयी, कारण माझ्या मते आपल्या तक्रारीचा सर्वांत भक्कम भाग तोच आहे. अगदी असाच वाद भोपाळच्या एका सहकारी बँकेचा होता. बँकेने १९९३ मध्ये आपल्या वकिलाला दूर केले, तेव्हा ९७,१०० रुपये फी बाकी असल्याचे सांगून त्याने फाइली अडवून धरल्या. राज्य कौन्सिलमध्ये वर्षभरात निकाल न लागल्याने कलम ३६-ब प्रमाणे प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे गेले, आणि तिने १८ महिने वकिलीस मनाई व १,००० रुपये दंड अशी शिक्षा दिली. वकिलाचा आधार करार अधिनियमाच्या कलम १७१ चा होता, की येणे वसूल होईपर्यंत माल ताब्यात ठेवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले की पक्षकाराची फाइल हा विकता येण्याजोगा माल नव्हे, फी हवी असेल तर वकिलाने ती कायदेशीर मार्गाने वसूल करावी, आणि फाइल अडवणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. शिक्षा मात्र ताकीदीपर्यंत खाली आणली आणि ही सौम्यता पुढच्यांनी दाखला म्हणून वापरू नये, असेही बजावले. म्हणून आजच नोंदणीसह स्पीड पोस्टाने दोन ओळींचे पत्र पाठवून फाइल मागा आणि पोच जपून ठेवा.

जबलपूरच्या फेऱ्या केलेला:

वरील सर्व बरोबर आहे. मी फक्त व्यवहाराची बाजू सांगतो. मी अशा तक्रारीसाठी इंदूरहून रात्रीच्या गाडीने चार वेळा जबलपूरला गेलो आणि त्यांपैकी दोन वेळा फक्त पुढची तारीख घेऊन परतलो. वर्षाची मुदत कायद्यात आहे, पण ती उलटल्यावर प्रकरण फक्त दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, जाते, संपत नाही. तिसऱ्या फेरीआधी समोरच्या वकिलांनी माझे पैसे परत केले आणि मी तक्रार मागे घेण्याचा अर्ज दिला. तेव्हा कळले की केवळ समेट झाला किंवा तक्रारदाराचे मन फिरले म्हणून चौकशी बंद होत नाही. मला ते त्या वेळी अवघड वाटले. आज योग्य वाटते, नाहीतर प्रत्येक तक्रार वसुलीचे हत्यार झाली असती. पैशांच्या बाबतीत मात्र कौन्सिलकडून आशा ठेवू नका. वर्तन तपासणे हे तिचे काम, नुकसान भरून देणे नव्हे. ग्राहक आयोगाचा रस्ताही १४ मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वकिलांच्या सेवेपुरता बंद झाला आहे.

एक वाचक, वडोदरा:

थोडे वेगळे मत मांडतो. दावा हरणे किंवा युक्तिवाद फसणे हे गैरवर्तन नसते, आणि समित्या पुराव्याबाबत जवळजवळ फौजदारी खटल्याइतक्या काटेकोर असतात, कारण एका माणसाची उपजीविका पणाला लागलेली असते. रोख दिलेल्या रकमेची पावती नसेल तर तक्रारीत खात्यातून दिलेल्या रकमेवरच भर द्या. शिवाय तक्रारीहून तातडीचे काम अपिलाचे आहे. जिल्हा न्यायालयात ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस, या दोन्ही मुदती आपल्या बाबतीत उलटून गेल्या असणार. विलंब माफीचा अर्ज जोडूनच अपील करावे लागेल, आणि पाच महिने काय घडले हे त्यात दिवसवार सांगावे लागेल. कौन्सिलची तक्रार आणि तो अर्ज यांतील तारखांमध्ये एका दिवसाचाही फरक पडू देऊ नका, कारण विरुद्ध पक्ष दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचेल.

रामबागवासी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वकीलपत्र काढून पाहिले. शिक्का पुसट आहे, पण क्रमांकाच्या आरंभी ‘एमपी’ स्पष्ट दिसते. फाइल मागणारे पत्र आज सकाळी मुख्य टपाल कार्यालयातून नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवले. निकालाच्या दुसऱ्या प्रमाणित नकलेसाठीही नक्कल विभागात अर्ज दिला, म्हणजे फाइल येईपर्यंत नव्या वकिलांना थांबावे लागणार नाही. आईने पाच महिन्यांच्या भेटींच्या तारखा महालक्ष्मीच्या कॅलेंडरवर पेनने खुणा करून ठेवल्या होत्या, हे मला कालच कळले. ती पाने आता तक्रारीलाही जोडतो आणि विलंबाच्या अर्जालाही.