मदत हवी आहे: डीलरकडची वापरलेली कॅराव्हॅन घ्यावी का? (बजेट ९ लाख, मुंबई)

नमस्कार मंडळी,

मुलुंडला राहतो. घरात आम्ही दोघं, आठवीतली मुलगी आणि आई. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून आई लांबच्या प्रवासाला नाही म्हणते. तिचं दुखणं बसण्याचं नाही, वाटेतल्या स्वच्छतागृहांचं आहे. मुंबई-गोवा हायवेवर ज्यांनी म्हातारं माणूस घेऊन प्रवास केलाय त्यांना जास्त सांगायला नको. गणपतीला आणि मे महिन्यात राजापूरला जायचं, मध्ये कधी गोंदवले, अक्कलकोट. एवढ्यासाठी आत झोपायची आणि टॉयलेटची सोय असलेली नवीन कॅराव्हॅन परवडणार नाही. म्हणून वापरलेली बघतोय.

घोडबंदर रोडला एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे २०१६ ची फोर्स ट्रॅव्हलर आहे. आत सगळं करून घेतलेलं: मागे आडवा पलंग, खाली खण, दोन बर्नरचा ओटा, स्टीलचं सिंक, १०० लिटरची टाकी, कोपऱ्यात फायबरचं टॉयलेट, टपावर दोन सोलर पॅनल आणि घरात लावतो तसला एक टनाचा एसी. १०.७५ सांगतोय, साडेनऊपर्यंत येईल असं दिसतं. मुलगी पलंगावर जाऊन झोपली ती उठेचना. माझंही मन बसलंय, खोटं कशाला बोलू.

खटकलेल्या गोष्टी सांगतो. गाडीत शिरल्या शिरल्या रंगाचा आणि एअर फ्रेशनरचा भपकारा. पलंगाच्या वर छताला नवा कोरा वॉलपेपर, बाकी छत मात्र जुनंच. नंबरप्लेट पिवळी. आरसीच्या झेरॉक्सवर वाहनाचा प्रकार ‘ओम्नी बस’, आसनक्षमता १३. आत मोजून ड्रायव्हरसकट चार जण बसतील. त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, “साहेब, पासिंगच्या दिवशी सीटा लावायच्या, दुसऱ्या दिवशी काढायच्या. सगळे तेच करतात.” बायकोने तिथेच माझा दंड दाबला.

रविवारपर्यंत पन्नास हजार टोकन दिलं तर गाडी आपली, नाहीतर नाशिकची पार्टी येतेय म्हणे. बिल हवं असेल तर वर १८ टक्के जीएसटी. माझं लायसन्स साधं कारचं आहे, ते चालेल का? एसी बॅटरीवर रात्रभर चालतो हे खरं मानायचं का? आणि तपासायचं तर नक्की काय काय? जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद (पोटभाडेकरू):
टोकन देऊ नका. नाशिकची पार्टी दर रविवारी येते. बाकी रात्री लिहितो.

प्रतिसाद (कागदी घोडा):
आधी कागद, मग पलंग.

ओम्नी बस म्हणजे ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त माणसं नेणारी गाडी. आरसी तसं म्हणत असेल आणि आत स्वयंपाकघर असेल, तर कायद्याच्या लेखी तुम्ही बेकायदा बदल केलेली गाडी घेताय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. रीतसर केलेल्या गाडीच्या आरसीवर ‘मोटर कॅराव्हॅन’ किंवा ‘कॅम्पर व्हॅन’ लिहिलेलं असतं. खासगी असेल तर ‘प्रायव्हेट यूज’ हेही. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. डीलरला ते माहीत आहे का, नुसतं विचारून चेहरा बघा.

सीटा लावून पासिंग करायचं हे एकदा नाही, दर वर्षी करायचंय. ट्रान्सपोर्ट गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दर वर्षी. शिवाय पर्यावरण कर. आणि अपघात झाला तर? विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी आरसी बघतो, मग गाडी. १३ सीटच्या बसचा विमा आणि आत गॅसचा ओटा, म्हणजे क्लेम नाकारायला आयतं कारण.

दुसरं, डीलर अधिकृत आहे का? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून प्राधिकारपत्र घ्यावं लागतं, फॉर्म २९बी. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची नोंद २९सी मध्ये होते. ती झाली असेल तर कागदांची जबाबदारी डीलरवर येते. नसेल तर तो नुसता मध्यस्थ आहे, उद्या काही निघालं की मूळ मालकाकडे बोट दाखवून मोकळा.

जीएसटी पूर्ण किमतीवर नसतो. जुन्या गाडीवर डीलरने जेवढ्याला घेतली आणि जेवढ्याला विकली त्या फरकावर असतो, जानेवारी २०२५ पासून तो १८ टक्के आहे. साडेनऊ लाखांवर १८ टक्के म्हणजे पावणेदोन लाखांच्या जवळ. बिल मागूच नये म्हणून सांगतात हे.

लायसन्सची काळजी सोडा. एकूण वजन ७५०० किलोच्या आत असेल तर एलएमव्ही (हलकं वाहन, म्हणजे तुमचं कारचंच) लायसन्सवर ट्रान्सपोर्ट गाडीही चालवता येते, घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलंय. ट्रॅव्हलर त्यात बसते.

प्रतिसाद (दहाबारा पाना):
इंजिनाला घाबरू नका. ट्रॅव्हलरचं २.६ लिटरचं डिझेल इंजिन जुन्या मर्सिडीजच्या घराण्यातलं, हायवेवरच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला पाठ असतं. गाडी रात्रभर उभी असताना, इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. ऑइलचं झाकण उघडून बघा, भकाभका धूर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिनाचा दाब आतून गळतोय, खर्च मोठा. टायरची नक्षी बघून फसू नका, बाजूला चार आकडी शिक्का असतो: १४१८ म्हणजे २०१८ चा चौदावा आठवडा. उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर दिसतात नवे आणि आतून वाळलेले असतात.

या गाडीला मारणार ती गळती. टपाला पंख्यासाठी, पॅनलसाठी, एसीच्या पाइपसाठी भोकं पाडतात आणि सिलिकॉन मारून मोकळे होतात. दोन पावसाळ्यांत सिलिकॉन सुटतं, पाणी पत्रा आणि प्लायच्या मधे उतरतं आणि बाहेरून काही दिसत नाही. एकाच भागाला नवा वॉलपेपर म्हणजे त्याच्यामागे काहीतरी आहे. अंगठ्याने दाबून बघा, चांगला प्लाय ढिम्म हलत नाही. खणांच्या मागच्या कोपऱ्यांत, बाथरूमच्या उंबऱ्याशी, मागच्या दाराच्या चौकटीत हात घाला. बघायला पावसातच जा. ऊन असेल तर टपावर पाइप धरायला लावा, दहा मिनिटं. आणि चटई टाकून गाडीखाली झोपा. चासी, पाट्यांचे (स्प्रिंगचे) हँगर, पायरीचा पत्रा. किनाऱ्याजवळ उभी राहिलेली गाडी खालून आधी जाते. खाली ताजा काळा रंग असेल तर पान्याने ठोकून बघा.

एसीचा हिशोब तुम्हीच करा. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास. तिच्यातली अर्धीच वापरायची, नाहीतर लवकर मरते. एक टनाचा एसी चालताना साधारण १००० वॉट ओढतो. तासभरसुद्धा धड मिळणार नाही. रात्रभर चालतो ते त्यांच्या शेडमधल्या प्लगवर.

गॅस कुठे ठेवलाय? ओट्याखालच्या बंद कपाटात घरचा १४.२ किलोचा सिलिंडर असेल तर त्या गाडीत झोपू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो. म्हणून कपाटाच्या तळाला बाहेर उघडणारं भोक लागतं.

प्रतिसाद (माजघर):
सगळे इंजिन आणि आरसीवर बोलताहेत, पण धागाकर्त्याचा प्रश्न आईंचा आहे ना? मग टॉयलेटची टाकी कुठे आहे ते विचारा. बऱ्याच घरगुती कामांत खाली टाकीच नसते, पाइप सरळ रस्त्यावर सोडलेला असतो. टाकी असली तरी ती रिकामी कुठे करणार? तुमच्या सोसायटीच्या ड्रेनेजमध्ये सेक्रेटरी करू देतील का?

आम्ही सासऱ्यांसाठी शेवटी पोर्टेबल केमिकल टॉयलेट घेतलं. खालची टाकी पेटीसारखी सुटी होते, घरच्या टॉयलेटमध्ये नेऊन ओतायची. पडदा लावायची सोय असली की कुठल्याही मोठ्या गाडीत चालतं. गाडीत काही कापाकापी नाही, आरटीओचा प्रश्न नाही.

दोन गोष्टी घरी बोलून घ्या. ट्रॅव्हलरची पायरी उंच असते, गुडघ्याच्या माणसाला मधे एक जादा पायरी आणि धरायला दांडा लागतो. आणि आई चालत्या गाडीत पलंगावर आडव्या होणार असतील तर नको. परशुराम घाटात एक जोरात ब्रेक लागला की माणूस ओट्यावर येऊन आदळतं. बेल्टवाल्या सीट जितक्या, तितकीच माणसं.

प्रतिसाद (पोटभाडेकरू):
सगळं लिहून झालंच आहे वर. मी फक्त पार्किंगचं विचारतो. ट्रॅव्हलरची उंची अडीच मीटरच्या पुढे. सोसायटीच्या पोडियमच्या कमानीवर किती लिहिलंय? आमच्या इथे २.१ आहे. आमच्या मित्राने अशीच गाडी घेतली, मुंबईत ठेवायला जागा नाही म्हणून गावी नेऊन ठेवली. आता गाडी सावंतवाडीला आणि तो दादरहून तुतारी एक्सप्रेसने गाडीकडे जातो.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. कमानीवर २.४ लिहिलंय, म्हणजे आत येणार नाही. मेहुण्याच्या भिवंडीच्या गाळ्याबाहेर जागा मिळतेय, तेवढं सुटलं.

भांडुपच्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन धो धो पावसात पुन्हा गेलो. इंजिन त्याला आवडलं. मग तो गाडीखाली शिरला आणि तिथूनच हाक मारून म्हणाला, “दादा, संडासाचा पाइप मोकळा आहे.” वॉलपेपरवर अंगठा टेकवला तर मारी बिस्किट चहात बुडवल्यासारखा प्लाय आत गेला. ऑनलाइन आरसीवर अजून फायनान्स कंपनीचा बोजा दिसतोय. फॉर्म २९बी विचारला तर “अर्ज केलाय” म्हणाला, कधी ते सांगेना. आठ लाखांपर्यंत खाली आला आपणहून. मी नमस्कार केला आणि निघालो. मुलगी दोन दिवस बोलली नाही.

आता दुसरी एक सापडलीय, पिंपरी-चिंचवडच्या डीलरकडे. २०१४ ची, एमएच १४, पांढरी प्लेट, आरसीवर ‘कॅम्पर व्हॅन (प्रायव्हेट यूज)’. दिसायला साधी. एसी नाही, १२ व्होल्टचे दोन पंखे, ओटा छोटा, टॉयलेट माजघर यांनी सांगितलं तसलं सुटं. पाच बेल्टवाल्या सीट. सव्वाआठ सांगतोय. प्राधिकारपत्र काउंटरच्या मागे लावलेलंच होतं. नाव बदलताना काय सांभाळायचं? एमएच १४ वरून मुंबईत आणताना पुन्हा टॅक्स लागेल का?

प्रतिसाद (कागदी घोडा):
ही बघण्यासारखी आहे. राज्य तेच आहे, त्यामुळे नंबर बदलणार नाही आणि रोड टॅक्स पुन्हा भरायचा नाही. मुलुंड म्हणजे तुमचं आरटीओ वडाळा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करायची असते. खासगी नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०२९ ला नूतनीकरण येणार आणि पुढे दर पाच वर्षांनी. सव्वाआठमधून निदान पन्नास हजार याच मुद्द्यावर कमी करून घ्या. उरलेल्या पैशांत टायर आणि बॅटरी धरा, दोन्ही लागणारच.

विमा नावावर करायला १४ दिवस. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो किमतीत मोजू देऊ नका. हप्ता कॅम्पर व्हॅन म्हणूनच लावलाय ना, हे पॉलिसीवर वाचा. जुन्या ई-चलानांची थकबाकी नंबर टाकून आधी बघा. एमएच १४ ची गाडी मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर फिरलेली असणारच, वेगाची दोन-चार चलानं निघतील.

पैसे बँकेतूनच द्या, तेही टप्प्याने. थोडं टोकन, पावतीवर ‘मेकॅनिकची तपासणी पास न झाल्यास परत’ असं लिहून. मोठी रक्कम ताबा घेताना, आणि पन्नास-साठ हजार तरी वाहन पोर्टलवर तुमचं नाव दिसेपर्यंत हातात ठेवा. आणि जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा, नाहीतर खालापूरच्या टोलवर पैसे त्याचे कटतील आणि फोन तुम्हाला येईल.