मदत हवी आहे: कानाच्या सीटीच्या थ्रीडी चित्रात स्टेपीज (मधल्या कानातलं सर्वात छोटं हाड) गायब! संध्याकाळच्या आत सांगा

शेळगी_टेक: उजव्या कानाची नळी जन्मतः बंद. थ्रीडीत मालिअस-इन्कसचा (मधल्या कानातली बाकीची दोन हाडं) जोडगोळा झकास दिसतोय, स्टेपीजचा पत्ता नाही. सर्जन जाहर्सडोर्फर पद्धतीचे गुण मागतायत, म्हणजे सीटीवरून कान नळीच्या शस्त्रक्रियेला कितपत योग्य ते. स्टेपीजचे २ धरले तर १० पैकी ७, नाही धरले तर ५. काय लिहू?

सात_रस्ता: वय? कापाची जाडी? एफओव्ही (चित्रात घेतलेल्या भागाची रुंदी)?

शेळगी_टेक: ६ वर्षांची मुलगी, स्कॅनमध्ये हललेली नाही. बाकी नेहमीचं.

सात_रस्ता: नेहमीचं म्हणजे काय ते सांगा की! प्रत्येक सेंटरचं नेहमीचं वेगळं.

शेळगी_टेक: जाडी १ मिमी. एफओव्ही २२० मिमी, दोन्ही कान एकत्र.

सात_रस्ता: घ्या. २२० भागिले ५१२ (चित्राच्या एका ओळीतले पिक्सेल), पिक्सेलच ०.४३ मिमीचा. आख्खा स्टेपीज जेमतेम ३ मिमी, त्याचे पाय तर केसासारखे. शेजारच्या हवेशी सरासरी होऊन एचयू (घनतेचा आकडा) उतरतो, आणि थ्रीडीचा थ्रेशोल्ड (ज्या आकड्याखालचं दाखवायचंच नाही तो) ते पुसून टाकतो. मशीनवर रॉ डेटा (ज्यातून काप नव्यानं काढता येतात तो मूळ डेटा) उरलाय का? लवकर बघा, काही दिवसांत उडतो. असेल तर पोरीला परत बोलवू नका. त्यातूनच उजवा कान एकटा काढा: एफओव्ही १००, जाडी ०.६, कापांतलं अंतर ०.३, शार्प कर्नल (चित्र धारदार किंवा मऊ करणारा फिल्टर). थ्रीडीसाठी मऊ कर्नलचा संच वेगळा, नाहीतर नॉइजच हाडासारखा उठतो.

नवीपेठ_डेंटल: सीबीसीटी (दातांसाठी वापरतात तो खुर्चीतला सीटी) करा. व्हॉक्सेल (थ्रीडीतला पिक्सेल) ०.१५ मिमी, डोसही कमी.

सात_रस्ता: सहा वर्षांचं पोर त्या खुर्चीत वीस सेकंद दगडासारखं बसणार? आणि सॉफ्ट टिश्यूचं काय?

नवीपेठ_डेंटल: बसतात हो. डोकं पट्ट्यानं बांधायचं.

पाळी_नाही: बाहेरचा कान बरगडीच्या कूर्चेचा करणार असाल तर तो आधी, नळी नंतर. डाव्या कानाचा सरफेस स्कॅन आरशासारखा उलटवून नमुना छापून घ्या.

शेळगी_टेक: ते कुणी विचारलंय?

कापवाला: मुळात थ्रीडीवरून गुण देऊच नका. स्टेपीजच्या दोन्ही पायांच्या पातळीत तिरका काप घ्या. फेशियल नर्व्हही (चेहऱ्याची नस) कापांवरच शोधा, अशा कानात ती पुढं-बाहेर सरकलेली असते. थ्रीडी सर्जनला दिशा समजायला.

शेळगी_टेक: रॉ डेटा मिळाला. तिरक्या कापात पुढचा पाय स्पष्ट, मागचा तुटक. थ्रेशोल्ड −२०० एचयूला आणला तर थ्रीडीत सगळाच लगदा.

सात_रस्ता: थ्रेशोल्ड उतरवायचा तो भोवती हवा असेल तरच. मधल्या कानात पाणी आहे का?

शेळगी_टेक: आहे थोडं. ते सांगायचं राहिलं.