ट्रायम्फ टीआर ६ – पुढचे ब्रेक पॅड बदलतोय, आवाज मारायच्या शिम कुठल्या बाजूने?

कोव्हेंट्रीकर:
नमस्कार मंडळी, १९७२ ची टीआर ६ (ट्रायम्फची जुनी स्पोर्ट्स कार) घेतलीये, इथेच कोव्हेंट्रीला कॅनलीच्या कारखान्यात बनलेली, म्हणजे गाडी माहेरीच आहे म्हणा. इंजिन झकास आहे पण सिग्नलला हळू करताना पुढच्या दोन्ही चाकांतून असा कुईईई आवाज येतो की फुटपाथवरची माणसं वळून बघतात. चाक काढून पाहिलं तर पॅडच्या मागे शिम (आवाज अडवणाऱ्या पातळ पत्र्याच्या चकत्या) नाहीतच, आधीच्या मालकाने नुसतं कॉपर ग्रीस थापलंय. नवीन पॅड, शिम, पिना आणि क्लिपा मागवल्यात. शिमवर एक बाण आहे पण पाकिटात कागद नाही. बाण कुठे करायचा? आणि शिम लावल्यावर ग्रीस लावायचं का नाही? कॅलिपर (पॅड धरून दाबणारा भाग) उघडायला लागेल का?

लेस्टरचा_मिस्त्री:
कॅलिपर अजिबात उघडू नका, पॅड वरूनच निघतात. बाण गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेला फिरतं त्या दिशेला. लक्षात ठेवा कॅलिपरपाशी डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची थाळी) वर जातेय का खाली येतेय ते चाक हाताने फिरवून बघायचं आणि मग बाण ठरवायचा, कारण डावं उजवं करताना डोकं फिरतं. शिम पॅडची लोखंडी पाठ आणि पिस्टन (कॅलिपरमधला पॅड ढकलणारा दट्ट्या) यांच्या मधे जाते, पिना दोघांच्याही भोकातून.

आता क्रम सांगतो. नुसत्या जॅकवर काम नको, स्टँड लावा. आधी टाकीतलं ब्रेक ऑइल थोडं सिरिंजने काढा, नायतर पिस्टन मागे दाबले की ते वरून सांडतं आणि बॉनेटखालचा रंग सोलून काढतं. एका वेळी एकच बाजू उघडा म्हणजे दुसरी बघायला राहते. पॅड निघाले की पिस्टनभोवतीची रबरी टोपी फाटलीये का बघा, फाटली असेल तर पॅडचं काम थांबवून आधी कॅलिपरचं किट. पॅड ज्या खाचेत सरकतो ती खाच वायर ब्रशने साफ करा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. पॅड बोटांनी ढकलून सरकला पाहिजे, रंगाच्या थरामुळे अडकत असेल तर पाठीच्या कडेवर कानस मारा.

ग्रीस लावायचं तर ब्रेकचंच, आणि फक्त जिथे लोखंडाला लोखंड घासतं तिथे, नखावर मावेल एवढंच. साधं पेट्रोलियमवालं ग्रीस रबराला लागलं तर रबर फुगतं.

गाडी हलवायच्या आधी पेडल दाबून दाबून कडक करा!! पिस्टन मागे गेलेले असतात, पहिल्या दाबाला पाय थेट फरशीवर जातो.

पुण्याचा_पाना:
मिस्त्रींनी नीट सांगितलंय, आवाज का होतो ते थोडं सांगतो. पॅड डिस्कवर घासताना क्षणभर चिकटतो, सुटतो, परत चिकटतो, हे सेकंदाला हजारो वेळा होतं आणि डिस्क घंटेसारखी वाजते. शिम त्या थरथरीला मधे अडवते. ग्रीसने पण थोडा फरक पडतो पण उष्णतेने ते वाळलं की आवाज परत येतो, तुमच्याकडे तेच झालेलं दिसतंय. आणि डिस्क काचेसारखी गुळगुळीत झाली असेल तर नुसत्या शिमने भागणार नाही. मध्यम पॉलिश पेपर गोल गोल फिरवून तो चकाकणारा थर मोडा, ब्रेक क्लीनरने पुसा आणि मगच नवीन पॅड टाका.

स्लाऊवाला:
माझं मत जरा वेगळंय. काही नवीन पॅडच्या पाठीला रबराचा थर आधीच चिकटवलेला असतो, त्यावर परत शिम घातली तर जागा कमी पडते आणि पॅड डिस्कला घासत राहतो. आधी पॅडची पाठ बघा. तसा थर असेल तर शिम डब्यात ठेवा.

दुसरं, जुनी धूळ फुंकू नका, हवा पण मारू नका. पूर्वीच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ ला आली. तुमच्या गाडीवर कुठल्या काळातले पॅड आहेत कोणाला माहीत. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

कोव्हेंट्रीकर:
सगळ्यांचे आभार. पॅडची पाठ साधी लोखंडीच आहे, म्हणजे शिम लावतो. पण डावीकडची एक पिन गंजून बसलीये, हलेना. हातोडी मारू का?

लेस्टरचा_मिस्त्री:
मारा पण दमाने. आधी क्लिप काढलीत ना? गंज सोडवायचं तेल टाकून रात्रभर ठेवा, ते डिस्कवर उडालं तर क्लीनरने पुसा. मग पकडीने पिन आधी गोल फिरवायची, फिरली की निघालीच, नाहीच तर बारीक पंचने ठोका. जुनी पिन परत लावायची नाही, खड्डे पडलेल्या पिनवर पॅड अडकतो.

हात लागलाच आहे तर चाक वर-खाली धरून हलवून बघा. बेअरिंग ढिलं असेल तर डिस्क डगमगते आणि पॅड मागे ढकलते, मग शिमचा दोष नसताना शिमला शिव्या. आणि चाळीस वर्षांवरच्या गाडीला २०१८ पासून एमओटी (ब्रिटनमधली दरवर्षीची गाडीतपासणी) बंधनकारक नाही, म्हणजे हे सगळं दुसरं कोणी बघणार नाहीये.

कोव्हेंट्रीकर:
ओके. पॅड बसवून झाल्यावर काय? सरळ हायवेला नेऊ?

पुण्याचा_पाना:
नको. रिकाम्या रस्त्यावर तीस-चाळीस मैलांच्या स्पीडवरून दहापर्यंत हळू करा, पूर्ण थांबायचं नाही, मधे थोडं चालवून थंड होऊ द्या, असं आठ-दहा वेळा. गरम असताना पेडल दाबून उभे राहू नका, पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुढे ब्रेक मारला की थरथर लागते. पहिले शे-दोनशे मैल थोडा आवाज आला तर लगेच परत उघडू नका.